एक युनिट वीज, पाच युनिट उष्णता

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. एका यंत्राला तुम्ही एक युनिट वीज दिलीत आणि त्याने तेवढ्याच विजेवर पाच युनिट उष्णता इकडची तिकडे नेऊन टाकली. असं होऊ शकतं का?

"छे! ऊर्जा निर्माण करता येत नाही, शाळेत शिकलोय आम्ही," असं तुम्ही म्हणाल. तुमचं बरोबरच आहे. तो नियम आजवर कुणालाही मोडता आलेला नाही. तरीही असं यंत्र आहे, आणि तुम्ही ते नक्की पाहिलेलं आहे. उन्हाळा आला की दुकानांत त्याच्या रांगाच्या रांगा लागतात आणि त्याच्या अंगावर तारे छापलेलं एक लेबल चिकटवलेलं असतं. ओळखलंत ना? एसी!

घरात एसी घ्यायचं ठरलं की मोठी माणसं एकमेकांना विचारतात, "थ्री स्टार घ्यायचा की फाइव्ह स्टार?" कुणी म्हणतं, पाच तारेवाला जास्त गार करतो. कुणी म्हणतं, तो महाग असतो म्हणून चांगला. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. तारे गारव्याचे नसतात आणि किमतीचेही नसतात. ते कशाचे असतात हे कळायला एसीच्या पोटात शिरावं लागेल. चला तर मग!

गारवा तयार होतच नाही

पहिली आश्चर्याची गोष्ट ही की एसी गारवा तयार करत नाही. गारवा नावाची वस्तूच जगात नाही. असते ती उष्णता. ती कमी झाली की आपण म्हणतो, गार झालं. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि घराबाहेर नेऊन सोडतो. एवढंच त्याचं काम.

विहिरीवर बसवलेली पाण्याची मोटर आठवा. मोटर पाणी तयार करत नाही. विहिरीत असलेलं पाणी उपसून ती गच्चीवरच्या टाकीत चढवते. वीज लागते ती पाणी चढवायला. एसीही असाच एक पंप आहे, फक्त तो पाण्याऐवजी उष्णता उपसतो. म्हणूनच एका युनिटात पाच युनिट उष्णता हलू शकते. ती पाच युनिटं विजेतून आलेली नसतात, ती तुमच्या खोलीत आधीपासूनच असतात. भिंतींतून, छतातून, खिडकीतल्या उन्हातून, पंख्या-टीव्हीतून आणि तुमच्या-माझ्या अंगातूनही ती आलेली असतात.

आता हिशेब जुळतो का पाहा. खोलीतून उचलली पाच युनिटं. त्यासाठी खर्च झालेली एक युनिट वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेर पडली पाच अधिक एक, अशी सहा युनिटं. एसीच्या बाहेरच्या पेटीसमोर उभं राहिलं की गरम झोत का लागतो, ते कळलं ना? ऊर्जेचा जमाखर्च पैशापर्यंत जुळला. नियम शाबूत!

हे उचलणं होतं कसं?

आधी एक प्रयोग करा. एक हात ओला करा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही हातांवर फुंकर मारा. ओला हात जास्त गार लागेल. पाण्याची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती ते तुमच्या हातातून घेतं.

एसीतही हेच होतं, फक्त पाण्याऐवजी वेगळा पदार्थ वापरतात. मेकॅनिककाका ज्याला नुसतं "गॅस" म्हणतात, तोच हा. आजकालच्या पुष्कळ घरगुती एसींत आर-32 नावाचा गॅस असतो. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. हा पठ्ठ्या मोकळ्या हवेच्या दाबाला उणे 52 अंशाच्या आसपासच उकळायला लागतो! दाब वाढवला की त्याचा उकळायचा अंश वर जातो आणि दाब कमी केला की खाली येतो. सगळा खेळ या एका गुणावर चालतो.

खोलीतल्या पेटीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं जाळं असतं. तिथे दाब कमी असल्यामुळे हा पदार्थ दहा-बारा अंशांनाच उकळतो. खोलीतली हवा त्या नळ्यांवरून फिरते, उष्णता देऊन टाकते आणि गार होऊन परत येते. उष्णता पोटात घेतलेला गॅस मग बाहेरच्या पेटीतल्या कॉम्प्रेसरकडे जातो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबल्यावर तो चांगलाच तापतो, बाहेरच्या उन्हाळी हवेपेक्षाही जास्त. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते, म्हणून आता ती बाहेरच्या हवेत निघून जाते. गॅसचं पुन्हा द्रव होतं. हा द्रव एका अरुंद वाटेतून पुढे जातो, तिथे त्याचा दाब उतरतो, तो गार होतो आणि परत खोलीकडे निघतो. दिवसभर हीच फेरी.

या फेरीत सगळ्यात जास्त वीज खातो तो कॉम्प्रेसर. एसी काटकसरी आहे की उधळ्या, हे मुख्यतः त्याच्यावर आणि त्या नळ्यांच्या जाळ्यांवर ठरतं.

चढ जितका उंच, तितकी वीज जास्त

पाणी पहिल्या मजल्यावर चढवायचं की दहाव्या, यावर मोटरची वीज ठरते. उष्णतेच्या पंपाचंही तसंच आहे. इथे "उंची" म्हणजे तापमानातला फरक.

हे गणित पहिल्यांदा मांडलं ते सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरने. 1824 साली त्याचं छोटंसं पुस्तक आलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि विचार करत होता वाफेच्या इंजिनाचा. एसी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता! पण त्याच्याच विचारातून उष्णतेचा आदर्श पंप किती काम करू शकेल, त्याची शेवटची मर्यादा कळते.

गणित करून पाहूया. खोलीत 27 अंश आणि बाहेर 35 अंश आहेत. खोलीचं तापमान शास्त्रज्ञांच्या केल्व्हिन मोजपट्टीवर साधारण 300 होतं. दोन तापमानांतला फरक 8. आता 300 ला 8 ने भागा. उत्तर येतं साडेसदतीस. म्हणजे एक युनिट विजेत साडेसदतीस युनिट उष्णता बाहेर! निसर्गाने घातलेली हद्द ती ही.

मग आपले एसी इतके मागे का? कारण खऱ्या एसीला जास्त उंच चढ चढावा लागतो. खोलीतल्या हवेकडून उष्णता घ्यायची तर आतल्या नळ्या हवेपेक्षा बऱ्याच गार हव्यात, समजा 10 अंश. बाहेरच्या हवेला उष्णता द्यायची तर बाहेरच्या नळ्या बऱ्याच गरम हव्यात, समजा 48 अंश. फरक 8 चा थेट 38 झाला. आता 283 ला 38 ने भागा. साडेसातच्याही खाली आलो! त्यात कॉम्प्रेसरमधलं घर्षण आणि पंख्यांची वीज धरली की आकडा आणखी उतरतो.

हा चढ कमी करायचा एक उपाय आहे. नळ्यांची जाळी मोठी करा. जाळी मोठी असली की हवेला उष्णता द्यायला-घ्यायला भरपूर जागा मिळते. मग आतल्या नळ्या फार गार ठेवाव्या लागत नाहीत आणि बाहेरच्या फार तापवाव्या लागत नाहीत. म्हणूनच जास्त ताऱ्यांच्या एसीची बाहेरची पेटी अनेकदा मोठी आणि जड असते. धातू जास्त लागतो, म्हणून तो महागही पडतो. पाच ताऱ्यांच्या जास्त किमतीतला बराचसा भाग या कारागिरीचा असतो.

दीड टनाचा एसी भिंतीवर टिकतो कसा?

दुकानात आणखी एक शब्द सारखा ऐकू येतो, टन. एक टन, दीड टन, दोन टन. दीड टन वजनाची वस्तू भिंतीवर टांगली तर भिंतच खाली येईल! हा टन एसीच्या वजनाचा नाही. तो बर्फाचा आहे.

यंत्रं यायच्या आधी उन्हाळ्यात गारव्यासाठी बर्फ लागायचा आणि तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापून आणावा लागायचा. अमेरिकेत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तर 1833 साली बर्फ जहाजात भरून थेट कलकत्त्याला पाठवला. जहाजाचं नाव होतं टस्कनी. प्रवास चार महिन्यांचा आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं! निघताना सुमारे 180 टन बर्फ होता. बराच वितळला, तरी सुमारे 100 टन कलकत्त्याला पोचला. पुढे मद्रास आणि मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघरं बांधली गेली. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरचं बर्फघर आजही उभं आहे.

गार करणारी यंत्रं आली तेव्हा लोकांनी त्यांची ताकद बर्फाच्याच भाषेत मोजली. अमेरिकेतला एक टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ, 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात उचलणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. वॅटमध्ये हे होतात सुमारे 3,500. दीड टनाचा एसी म्हणजे पाच हजार वॅटच्या आसपास उष्णता उचलणारा एसी.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. टन सांगतो, एसी किती उष्णता उचलू शकतो. तारे सांगतात, ती उचलायला तो किती वीज घेतो. एक टनाचा एसी पाच ताऱ्यांचा असू शकतो आणि दोन टनांचा एका ताऱ्याचा.

तारे देतं कोण?

2001 साली आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याप्रमाणे मार्च 2002 मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला. लेबलवर बीईई अशी अक्षरं दिसतात ती याचीच. 2006 मध्ये ब्युरोने ताऱ्यांची योजना आणली आणि 2010 पासून खोलीच्या एसीवर हे लेबल लावणं सक्तीचं झालं.

तारे मिळवायचे तर एसीला परीक्षा द्यावी लागते. प्रयोगशाळेत एकमेकींना लागून दोन खोल्या असतात. एका खोलीचं तापमान घरातल्यासारखं 27 अंश ठेवतात आणि दुसरीचं बाहेरच्यासारखं 35 अंश. मधल्या भिंतीत एसी बसवतात आणि तो किती उष्णता हलवतो, किती वीज घेतो, हे बारकाईने मोजतात. लेबल लावून विकायला आलेले एसीही ब्युरो अधूनमधून उचलून पुन्हा तपासतो. एकदा पास झालं की सुटलो, असं इथे नसतं!

पूर्वी परीक्षेचा निकाल फक्त 35 अंशांच्या दिवसावर ठरायचा. पण वर्षभर काही 35 अंशच नसतात. पावसाळ्यात 26 असतात, मे महिन्यात 42 असतात. म्हणून नवा आकडा ठरवला, भारतीय हंगामी ऊर्जा कार्यक्षमता गुणोत्तर. लेबलवर तो आयएसईईआर या अक्षरांनी लिहितात. 2018 पासून घरगुती एसीचे तारे याच आकड्यावर ठरतात.

हा आकडा काढताना वर्षाकाठी 1,600 तास एसी चालला असं धरतात. बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश, आणि प्रत्येक अंशाला वेगवेगळे तास. 27 अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त तास आणि 43 अंशांना अगदी थोडे. या सगळ्या तासांत मिळून एसीने किती युनिट उष्णता बाहेर काढली, त्याला किती युनिट वीज लागली, यांचा भागाकार म्हणजे आयएसईईआर. आकडा 5 असेल तर हंगामाचा हिशेब करता एका युनिटात पाच युनिट उष्णता. सुरुवातीचं कोडं सुटलं!

इथेच "इन्व्हर्टर" या शब्दाचाही उलगडा होतो. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालायचा. खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा पूर्ण जोरात सुरू. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. बाहेर 28 अंश असताना उष्णता थोडीच काढायची असते, तेव्हा तो हळू चालतो. हळू चालताना त्याच जाळ्यांतून थोडीच उष्णता जाते, म्हणून चढही कमी होतो आणि वीज वाचते. वर्षातले बहुतेक तास असेच सौम्य असतात, त्यामुळे इन्व्हर्टरचा हंगामी आकडा वर चढतो.

चला, लेबल वाचूया

आता दुकानात जा किंवा घरातल्या एसीवरचं लेबल शोधा. फक्त तारे मोजून थांबू नका. खालची बारीक अक्षरं खरी मजेची आहेत.

आधी बघा आयएसईईआर. मग बघा वार्षिक वीजवापर. तो 1,600 तासांसाठी युनिटांत दिलेला असतो. त्यानंतर बघा उष्णता उचलायची क्षमता, वॅटमध्ये. एक आकडा पूर्ण भारासाठी असतो आणि इन्व्हर्टर असेल तर अर्ध्या भारासाठीही. शेवटी लेबल कोणत्या काळासाठी लागू आहे, तेही बघा.

समजा, दोन एसी समोर आहेत. दोन्ही दीड टनांचे. हंगामात दोघांनी करायचं काम सारखंच धरू, प्रत्येकाने 3,900 युनिट उष्णता बाहेर काढायची. पहिल्याचा आयएसईईआर 3.9 आणि दुसऱ्याचा 5.2. आता भागाकार करा.

पहिला एसी: 3,900 भागिले 3.9, म्हणजे 1,000 युनिट वीज.

दुसरा एसी: 3,900 भागिले 5.2, म्हणजे 750 युनिट वीज.

दरवर्षी 250 युनिटांचा फरक! विजेचा दर युनिटाला 10 रुपये धरला तर 2,500 रुपये. दुसरा एसी दुकानात 8,000 रुपयांनी महाग असेल, तर ते पैसे साधारण सव्वातीन वर्षांत वसूल होतात. त्यानंतर दरवर्षीची बचत घरात.

पण थांबा! तुमच्या घरी एसी 1,600 तास चालतो का? रोज आठ तास धरले तर ते 200 दिवस होतात. तुम्ही फक्त उन्हाळ्यात, रोज आठ तास असे 100 दिवस चालवत असाल, तर होतात 800 तास. मग बचतही साधारण निम्मी, 1,250 रुपये, आणि किमतीतला फरक भरून यायला साडेसहा वर्षांच्या आसपास लागतील. थोडाच वापर असणाऱ्या घराला तीन तारेही शहाणपणाचे ठरू शकतात. सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. उत्तर तुमच्या घरातल्या तासांत दडलेलं आहे आणि ते तुम्हीच काढू शकता.

हिशेबात आणखी एक गोष्ट घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांना स्वस्त, 100 च्या वर महाग, 300 च्या वर आणखी महाग. एसीची युनिटं पंखे, दिवे, फ्रिज यांच्या युनिटांवर चढून बसतात, म्हणून ती बहुधा महागड्या टप्प्यात जातात. घरातलं मे महिन्याचं बिल काढून त्यावर शेवटच्या टप्प्याचा दर पाहा आणि माझ्या 10 रुपयांच्या जागी तोच घाला.

फसायच्या जागा

पहिली जागा, नुसता वार्षिक वीजवापर पाहणं. एखादा एसी "दीड टन" म्हणून विकला जातो, पण त्याची क्षमता 4,700 वॅट असते. दुसरा 5,200 वॅटचा असतो. कमी क्षमतेच्या एसीची युनिटं कमीच दिसणार, तो कामच कमी करतो! म्हणून काटकसर पाहायची तर आयएसईईआरची तुलना करा.

दुसरी जागा, जुने तारे. ताऱ्यांची पट्टी दर काही वर्षांनी वर सरकवतात. 2018 मध्ये स्प्लिट, म्हणजे आत-बाहेर दोन पेट्यांच्या, एसीला पाच तारे मिळवायला 4.50 आयएसईईआर पुरायचा. जुलै 2022 पासून त्यासाठी 5.00 लागू लागले. म्हणजे 4.60 चा एसी 2018 मध्ये पाच ताऱ्यांचा होता आणि जुलै 2022 नंतर चारच ताऱ्यांचा झाला. यंत्र तेच, इयत्ता वाढली! म्हणून लेबलचा काळ वाचल्याशिवाय दोन एसींचे तारे शेजारी ठेवू नका.

तिसरी जागा, विंडो आणि स्प्लिट. खिडकीत बसणाऱ्या एसीची पट्टी वेगळी आणि खालची आहे. पाच ताऱ्यांच्या विंडो एसीचा आकडा तीन ताऱ्यांच्या स्प्लिटपेक्षाही कमी असू शकतो.

चौथी जागा, आपलं गाव. लेबल सगळ्या देशासाठी एकच आहे, पण हवा सगळीकडे एक नाही. चंद्रपूर, नागपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तिथे चढ उंच, म्हणून एका युनिटात कमी उष्णता हलते. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे पारा कमी असतो, पण हवेत बाष्प खूप. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी पाहिलंय ना? ते हवेतलं बाष्प आहे. एक लिटर पाणी असं जमवायला एसीला सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता हवेतून काढावी लागते. किनाऱ्यावरच्या एसीच्या कष्टातला मोठा वाटा हवा कोरडी करण्यात जातो. म्हणून लेबलवरची युनिटं म्हणजे तुमच्या बिलाची भविष्यवाणी नव्हे. सगळ्या एसींना एकच प्रश्नपत्रिका देऊन काढलेला तो निकाल आहे, आणि तुलना करायला तो अगदी पक्का आहे.

पाचवी जागा, ताऱ्यांत न मोजलेला गॅस. आर-32 हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे 675 किलो कार्बन डायॉक्साइडएवढी पृथ्वी तापवतो. म्हणून एसी काढताना-बसवताना गॅस हवेत सोडून देऊ नये, जाणकार माणसाकडूनच काम करून घ्यावं.

रिमोट तुमच्या हातात आहे!

तारे दुकानात ठरतात. पुढची काटकसर मात्र घरात ठरते. बाहेरून तापून आल्यावर पुष्कळजण रिमोटवर 18 करतात. त्यांना वाटतं, खोली लवकर गार होईल. तसं होत नाही. खोली 35 वरून 24 वर यायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. 18 केल्यामुळे एसी 24 वर थांबत मात्र नाही, आणखी खाली उपसत राहतो. चढ वाढतो, बाहेरची उष्णता खोलीत जोराने घुसू लागते आणि तीही पुन्हा उपसावी लागते.

ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे रिमोटवरचा एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी 2020 पासून तारे असलेले एसी सुरू करताच आपोआप 24 अंशांवर येतील असा नियम झाला. एसीच्या जोडीला छताचा पंखा हळू लावला तर 26 अंशही छान वाटतात, कारण वाऱ्याने अंगावरचा घाम वाळतो. ओल्या हाताचा प्रयोग आठवतो ना?

आणखी काही कामं तुम्ही मुलंच करू शकता. दुपारी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा लावा, जमलं तर बाहेरून आडोसा करा. दाराखालच्या फटीत जुनं कापड लावा. मोठ्या माणसांना सोबत घेऊन एसीतली हवा गाळायची जाळी दर पंधरवड्याला धुवा. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा नीट जात नाही, मग पाच ताऱ्यांचं यंत्रही तीन ताऱ्यांसारखं वागतं. बाहेरच्या पेटीसमोर सामान रचून ठेवू नका, तिला गरम हवा सोडायला मोकळी जागा हवी असते.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का?

कारण ती वीज कुठूनतरी येते. आपल्या राज्यातलं चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे आणि ते चालतं कोळशावर. रात्री सूर्य मावळलेला असतो, सौरपट्ट्या झोपलेल्या असतात, आणि नेमके तेव्हाच घराघरांतले एसी सुरू होतात. देशातल्या सगळ्या विजेचा हिशेब केला तर एका युनिटामागे सरासरी 700 ग्रॅमहून जास्त कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. आपण मघाशी वाचवलेली 250 युनिटं आठवा. एका घरात, एका वर्षात, पावणेदोनशे किलो कार्बन डायॉक्साइड कमी! पृथ्वी तापते म्हणून आपण एसी लावतो आणि उधळे एसी लावले की ती आणखी तापते. हे चक्र तोडायचं तर ज्यांना एसी खरोखर हवा आहे त्यांनी काटकसरी एसी घ्यायला हवा आणि तो शहाणपणाने चालवायला हवा. घरातले आजी-आजोबा, तान्ही बाळं आणि आजारी माणसं यांना कडक उन्हाळ्यात गारवा लागतो, तो त्यांना मिळालाच पाहिजे. कमी विजेत मिळाला तर तो जास्त घरांना परवडेल.

तेव्हा बालमित्रांनो, येत्या सुट्टीत एवढं करा. घरात, शेजारी किंवा दुकानात कमीत कमी दोन एसींची लेबलं वाचा. आयएसईईआर, क्षमता, वार्षिक युनिटं आणि लेबलचा काळ हे चार आकडे वहीत उतरवा. आपल्या घरी एसी वर्षाला किती तास चालेल ते विचारा, युनिटांना त्या तासांनी गुणा, 1,600 ने भागा आणि शेवटी विजेच्या दराने गुणा. तुमच्या हातात प्रत्येक एसीचा वर्षाचा अंदाजे खर्च येईल. मोठी माणसं दुकानात "कुठला घ्यायचा?" म्हणून थबकली की ती वही पुढे करा. एसी निवडायला हा हिशेब पुरतो आणि तो करायला पाचवीचा गुणाकार-भागाकार आला की झालं.